कोणालाही आत सोडू नका

सोसायटीच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडून सरकारच्या काय काय अपेक्षा आहेत, हे एकदा सवडीने वाचावं. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी केंद्राने २००५ साली कायदा केला आणि पुढे त्याची आदर्श नियमावली काढली. त्या नियमावलीप्रमाणे पुरुष सुरक्षा रक्षकाची उंची किमान १६० सेंटीमीटर हवी. छाती ८० सेंटीमीटर, फुगवल्यावर आणखी ४. तळपाय सपाट नकोत, गुडघ्याला गुडघा लागायला नको, रंग ओळखता यायला हवेत, ऐकू नीट यायला हवं आणि एक किलोमीटर अंतर सहा मिनिटांत धावता यायला हवं. आमच्या कार्यकारिणीपुढे ही यादी वाचली गेली तेव्हा चेअरमनांनी नकळत पोट आत घेतलं आणि विषय लिफ्टच्या दुरुस्तीकडे वळवला.

हे झालं शरीराचं. डोक्यासाठी शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष, असं किमान वीस दिवसांचं प्रशिक्षण. त्यातले विषय बघा: आग विझवणं, गर्दी आवरणं, प्रथमोपचार, स्फोटकं ओळखणं, ओळखपत्रं आणि पासपोर्ट तपासणं, फौजदारी कायद्याची तोंडओळख, एफआयआर कसा नोंदवतात ते, शस्त्रांचे प्रकार, पोलीस आणि लष्करातल्या हुद्द्यांच्या खुणा. एवढा अभ्यास करून एखादा स्पर्धा परीक्षेला बसला असता. आमच्याकडे तो येतो आणि त्याची मुलाखत एका प्रश्नात उरकते.

‘‘मामा, मोटर चालू करता येते ना?’’

मोटर हा पुण्याच्या उपनगरांतल्या सुरक्षेचा पाया आहे. टाकी भरून वाहिली, तर सगळ्या सभासदांना एकदम नागरिकशास्त्र आठवतं. रिकामी राहिली, तर डोक्याला शाम्पू लावलेला माणूस इंटरकॉमवरून जे बोलतो, ते फौजदारी कायद्याच्या कुठल्या ना कुठल्या कलमात बसावं. कोणत्या विंगची टाकी किती वेळात भरते, कोणता व्हॉल्व्ह अर्धाच फिरवायचा आणि कोणता जास्त फिरवला की हातात येतो, टँकरवाल्याने पाइप गुंडाळायच्या आत टँकरमध्ये डोकावून पाणी खरंच संपलंय का हे कसं बघायचं, ही विद्या कुठल्याच नियमावलीत नाही. ती एका मामाकडून दुसऱ्या मामाकडे तोंडीच जाते. मधला मामा लग्नाला गावी गेला, की सोसायटी कोरडी.

त्याखालोखाल माहिती खातं. लाइट गेली की प्रत्येक मजल्यावरून एकच प्रश्न येतो, ‘‘आपल्याच इथली गेलीय की सगळीकडची?’’ सगळीकडची गेली असेल, तर माणसाला अंधारातही केवढा धीर येतो! आमचे मामा लातूरकडचे, अनुभवी. समोरच्या इमारतीत दिवे लखलखत असले तरी ते आधी ‘‘पलीकडची पन गेलीय साहेब’’ असं सांगून टाकतात आणि मग बॅटरी घेऊन सावकाश फ्यूज बघायला निघतात. नियमावलीत आपत्ती व्यवस्थापन नावाचा विषय आहे. तो मामांनी न शिकता गाठलेला आहे.

सकाळी सात ते दहा हा मावशींचा तास. ‘‘मामा, मावशी आल्या का?’’ ‘‘आल्या.’’ ‘‘मग वर का नाही आल्या?’’ ‘‘बी विंगला गेल्या आधी.’’ ‘‘तिकडे आधी का?’’ इथे मामांची रेंज जाते. इंटरकॉमला रेंज नसते हे विचारणाऱ्या वहिनींच्या लक्षात येईपर्यंत मामा टेबलावर रिसीव्हर ठेवून भाजीवाल्याला अडवायला उठलेले असतात. कोणी कोणाच्या मावशीला दोनशे रुपये जास्त देऊन फोडलं, कोणाच्या घरी डाएट चालू असून रात्री अकराला बिर्याणी येते, कोणाचे चिरंजीव पहाटे कोणत्या पायाने जिना चढतात, हे सगळं या एका माणसाला ठाऊक असतं. त्याने आत्मचरित्र लिहायला घेतलं, तर निम्मे फ्लॅट विकायला निघतील. गुपित राखणं ही पात्रता पगारात धरलेली नाही, आणि तरी ती जवळजवळ प्रत्येक फाटकावर फुकट मिळते.

हुद्द्यांच्या खुणा ओळखण्याचा विषय मात्र सरकारने दूरदृष्टीने घातला आहे. फक्त खांद्यावरचे तारे मोजून सोसायटीत भागत नाही. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार हे झाले वरवरचे हुद्दे. त्यांच्या वर माजी चेअरमन असतात. त्यांच्याकडे अधिकार काहीच नसतो आणि वेळ अमाप असतो, म्हणून त्यांना जास्त जपावं लागतं. त्यांच्याही वर विद्यमान चेअरमनांच्या सौ. हे पद उपविधींत कुठेही नाही, पण गॅलरीतून त्या ‘‘मामाऽ’’ म्हणाल्या, की चालू असलेलं कार्यकारिणीचं काम थांबतं. खाली उतरत गेलं की साधे सभासद, मग थकबाकीदार सभासद, मग कुटुंबवाले भाडेकरू आणि तळाशी बॅचलर. सलाम करताना हात किती उंच न्यायचा आणि खुर्चीतून किती उठायचं, याचं कोष्टक ज्याला पाठ झालं, तो टिकला.

हे कोष्टक कानालाही लागू असतं. आखूड दोन हॉर्न म्हणजे सभासद, एक लांब हॉर्न म्हणजे कार्यकारिणी, आणि फाटकाला गाडी टेकेपर्यंत हॉर्न म्हणजे कार्यकारिणीचे जावई. किलोमीटरभर सहा मिनिटांत पळायची अट मला आधी जाचक वाटायची. पण केबिनपासून फाटकापर्यंतचं अंतर हातातला डबा सांडू न देता, पायात चपला शोधत, लांब हॉर्न संपायच्या आत कापायचं असतं, हे पाहिल्यावर सरकारने फार सवलतीची वेळ दिलीय असं वाटतं.

गणवेशाबद्दलही नियमावली बारकाईने बोलते. दंडावर एजन्सीचा बिल्ला, बंदांचे बूट, डोक्यावर टोपी, खिशात वही आणि लिहायला पेन, डाव्या खिशात शिट्टी आणि तिला दोरी. कपडे हालचालीला आड येतील इतके घट्ट नकोत आणि सैलही नकोत. हे शेवटचं वाक्य लिहिणाऱ्याने एजन्सीचा गणवेश पाहिलेला नसावा. गणवेश माणसाच्या मापाचा नसतो, जागेच्या मापाचा असतो. आधीचा रक्षक सहा फुटी होता म्हणून नवा आलेला पाच फुटी माणूस बाह्या दुमडून उभा राहतो, आणि त्याच्या जागी दुसरा आला की दुमडलेल्या बाह्या उलगडल्या जातात. सोसायटीची हौस अशी, की आपला वॉचमन दिसायला इन्स्पेक्टर वाटावा. कायद्याने मात्र पोलीस किंवा लष्कराच्या गणवेशाशी साम्य असलेला पोशाख रक्षकाने घालणं हा गुन्हा ठरवला आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्याकडे ती भीती नाही. मामांच्या निळ्या शर्टाकडे पाहून कोणाला पोलीस आठवला, तर त्या शर्टाचा सत्कार करावा लागेल.

शिट्टी चोरासाठी असते अशी समजूत आहे. चोरासाठी ती वाजल्याचं मी कधी ऐकलं नाही. ती वाजते गाडी मागे घेताना. ‘‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या...’’ आणि मग खाडकन आवाज झाल्यावर ‘‘बस!’’ या शास्त्रात ‘बस’ आधी म्हणायचं की नंतर, याबद्दल दोन मतं आहेत. आधी म्हटलं तर गाडीवाला म्हणतो, अजून फूटभर जागा आहे, घाबरता कशाला? नंतर म्हटलं तर तो म्हणतो, तुम्ही बघत काय होता? मामांनी यातून वाट काढली आहे. ते खांब आणि बंपर यांच्यामध्ये स्वतः उभे राहतात. माणूस दिसला की ब्रेक लागतो, खांब दिसून लागत नाही, असा त्यांचा सिद्धान्त आहे.

आता रजिस्टर. जाड पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं, दोरीने बांधलेलं पेन, आणि दोरी इतकी आखूड की शेवटच्या रकान्यापर्यंत पेन पोचत नाही. म्हणून शेवटचा रकाना, जो सहीचा, तो कोराच असतो. बाकीच्या रकान्यांत मराठी माणसाची प्रतिभा फुलते. येण्याचं कारण: काम. कोणाकडे: वर. मोबाइल क्रमांक: नऊ आकडी. वाहन क्रमांक: आहे. एकाने वेळ लिहिली, की खालचे चौदा जण तिच्याखाली दोन-दोन टिंबं देतात, त्यामुळे रजिस्टरप्रमाणे आमच्याकडे दिवसभराचे सगळे पाहुणे सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी एकत्र येतात. मध्यंतरी पार्किंगमधून एक सायकल गेली. कार्यकारिणीने गंभीर चेहऱ्याने रजिस्टर मागवलं. त्या तारखेला ‘काम’ करायला ‘वर’ गेलेले एकूण बत्तीस इसम निघाले. मग कॅमेरे पाहिले. सोळा चौकटींपैकी पार्किंगच्या चौकटीत एक कोळी दिसला, तोही जाळ्याच्या मधोमध, आणि त्याच्या पाठीमागे अंधुक काहीतरी चाकांवर सरकताना दिसलं. कोळ्याची ओळख पटली, चोराची नाही. ठपका मामांवर आला. स्फोटकं ओळखायला शिकलेल्या माणसाला सायकल ओळखता येऊ नये, याचं खजिनदारांना फार वाईट वाटलं.

रात्र हा तर स्वतंत्र पेपर. बहुतेक सोसायट्यांत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या असतात, आणि रिलिव्हर आला नाही की दोन्ही पाळ्या एकाच माणसाच्या. त्याला डबल म्हणतात. दुलई ओढून, एसी लावून झोपणाऱ्या सव्वाशे कुटुंबांची एकमुखी मागणी एवढीच, की खाली एकाने जागं राहावं. तो जागा आहे हे कळावं कसं? काठी आपटत राउंड मारायला सांगितलं. तळमजल्यावरच्या एका काकांनी तक्रार केली, की काठीच्या आवाजाने झोपमोड होते. काठी बंद केली. वरच्या मजल्यावरच्या आजींनी तक्रार केली, की आवाज आला नाही तर मला झोप लागत नाही. चर्चेअंती ए विंगखाली काठी उचलून चालावं आणि बी विंगखाली आपटावी, असा तोडगा निघाला. शिवाय एजन्सीच्या साहेबांना दर तासाला सेल्फी पाठवायचा असतो. त्या फोटोंत मामा इतके टक्क जागे दिसतात, की पाहणाऱ्याची झोप उडावी. ‘‘मामा, फोटोत डोळे एवढे मोठे कसे?’’ असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘साहेब, तेवडा एक मिनिट लई जोर लावतो.’’

इथवरच्या सगळ्या पात्रता अंगी असूनही माणूस या नोकरीत नापास होऊ शकतो. ते आम्हाला हवालदारांनी दाखवून दिलं.

सैन्यात किंवा पोलिसांत काम केलेल्यांना रक्षक म्हणून घेताना प्राधान्य देण्याची मुभा कायद्यातच आहे. त्यांचं प्रशिक्षणही थोडक्यात आटोपतं: चाळीस तास वर्गात, सोळा तास प्रत्यक्ष, किमान सात दिवस. आमच्याकडे आलेले हवालदार सातारा जिल्ह्यातले, सैन्यातून निवृत्त झालेले. ताठ कणा, कडक इस्त्री. कार्यकारिणीने त्यांना हार घातला आणि चेअरमनांनी भाषणात बजावलं, ‘‘स्टिकर नसलेली एकही गाडी आत येता कामा नये. मग ती कोणाचीही असो. कोणालाही आत सोडू नका.’’ हवालदारांनी खाडकन सलाम ठोकला.

पुढच्या आठवड्यात चेअरमनांनी नवी गाडी घेतली. पेढे, हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सौ. पुढच्या सीटवर. स्टिकर अर्थातच नव्हता. हवालदारांनी फाटक लावून घेतलं.

‘‘अहो, मी आहे!’’

‘‘ओळखलं साहेब. स्टिकर?’’

‘‘अहो, स्टिकर माझ्याच घरी असतात. कपाटात.’’

‘‘मग गाडी इथं लावा, चालत जा आणि घेऊन या.’’

चेअरमन चालत गेले. दरम्यान सौं.नी पुढच्या सीटवर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्या समस्त महिला मंडळाचा नमस्कार घेतला. महिनाअखेर कार्यकारिणीने हवालदारांच्या शिस्तीची प्रशंसा करणारा ठराव केला आणि त्याच बैठकीत एजन्सीला त्यांची साइट बदलायला सांगितलं. जाताना हवालदार एवढंच म्हणाले, ‘‘हुकूम नीट द्यायला पाहिजे होता.’’

आणि इथेच फाटकावरच्या नोकरीचं मर्म आहे. ‘कोणालाही आत सोडू नका’ असं सांगणाऱ्या प्रत्येकाच्या मनात त्या ‘कोणालाही’मध्ये तो स्वतः नसतो. त्याची बायको नसते, मेहुणा नसतो, मेहुण्याचा मित्रही नसतो. रक्षकाने अनोळखी माणूस ओळखायचा असतो ही आपली कल्पना. त्याने खरं तर न अडवण्याची माणसं ओळखायची असतात, गाडी थांबायच्या आत, काचेआडून. चुकून सोडलं तर निष्काळजीपणा, चुकून अडवलं तर उद्धटपणा. दोन्हींची शिक्षा एकच, साइट बदल.

हे आजचं नाही. पार्वतीने दारावर मुलगा बसवला आणि कोणालाही आत सोडू नकोस म्हणून सांगितलं. त्याने तंतोतंत पाळलं. घरधनी आले, त्यांनाही अडवलं, आणि डोकं गमावलं. ड्यूटीवर असताना इतकी मोठी दुखापत झालेला दुसरा रक्षक पुराणांत सापडायचा नाही, आणि भरपाई म्हणून जे डोकं मिळालं तेही दुसऱ्याचं, गणवेशाच्या परंपरेला धरूनच. वैकुंठाच्या दारावर जय आणि विजय होते. चार लहान मुलं उघडीनागडी आली आणि थेट आत निघाली. कोणत्याही शुद्धीवरच्या वॉचमनने अडवलं असतं. ते निघाले सनकादिक ऋषी. शाप मिळाला, तीन जन्म राक्षस आणि वैरी म्हणून काढावे लागले. मालक बाहेर आले ते पाहुण्यांची समजूत काढायला. रायगडची आख्यायिका तर आपल्या घरचीच. सूर्य मावळला, दरवाजे लागले, पहारेकऱ्यांनी नियमाप्रमाणे उघडायला नकार दिला. हिरकणी बाळासाठी कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, तो तिच्या नावाने आजही आहे. ते योग्यच झालं. पण मोह न पडता, दया येऊनही दरवाजा न उघडणाऱ्या त्या पहारेकऱ्यांच्या नावाने गडावर साधी पायरीसुद्धा नाही. पहारा चोख होता म्हणून तर गोष्ट घडली.

म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक सूचना मांडली. सभेत त्याआधी एजन्सीचं बिल किती वाढलं आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी कसा बसतो, यावर दीड तास चर्चा झाली होती. मामांच्या हातात त्यातलं किती पडतं, हा विषय वेळेअभावी राहिला. सूचना अशी, की रक्षकांच्या प्रशिक्षणाचे एकशे साठ तास सरकारने ठरवलेच आहेत. एकशे एकसष्टावा तास सभासदांचा असावा. प्रत्येकाने आपल्याच फाटकावर यावं. मामांनी ‘‘कोणाकडे?’’ असं विचारावं. सभासदाने नाव सांगावं, फ्लॅट सांगावा, रजिस्टरमध्ये दहा आकडी क्रमांक लिहावा, पेन पोचत नसलं तरी वही वळवून सही करावी, आणि संपूर्ण तासात ‘‘मी कोण आहे माहितीये का?’’ हे वाक्य एकदाही उच्चारू नये.

सूचना स्तुत्य आहे, यावर एकमत झालं. मग दुरुस्त्या आल्या. ज्येष्ठ नागरिकांना उन्हात उभं करणं बरं दिसत नाही म्हणून त्यांना वगळलं. महिलांची सकाळची गडबड असते म्हणून त्यांना वगळलं. कार्यकारिणीला कामाचा ताण, माजी पदाधिकाऱ्यांचा मान, नोकरदारांचं वर्क फ्रॉम होम, मुलांचे क्लास. शेवटी ठराव सर्वानुमते मंजूर झाला तेव्हा यादीत सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी दोन बॅचलर मुलं उरली होती.

ठरल्या दिवशी ती बिचारी फाटकावर हजर झाली. मामा खुर्चीतून न उठताच म्हणाले, ‘‘कोणाकडे?’’ पोरांनी नाव सांगितलं, फ्लॅट सांगितला, पूर्ण दहा आकडे लिहिले, वेळ स्वतंत्र टाकली, वही वळवून सही केली. प्रशिक्षण दोन मिनिटांत संपलं. ती दोघं राहायला आल्यापासून त्यांना रोजच अडवतात, त्यामुळे त्यांचा अभ्यासक्रम केव्हाच पुरा झाला होता. एवढ्यात बाहेर लांब हॉर्न वाजला आणि मामा पळाले.